अँटिगोनसची नऊ अक्षरं

मेटागिट्नियोन महिना, चढत्या चंद्राचा चौथा दिवस

मीडॉनकडून अँटिगोनसला.

तू धडधाकट असशील तर देवी अथेना पावली. आम्ही दोघं आहोत तसेच आहोत, म्हणजे तुझी आई बोलते आणि मी ऐकतो.

चार वर्षांत हे माझं पहिलं पत्र. मी आपणहून लिहिलं नसतं. तुझ्या आईनं पपायरसचा तुकडा समोर टाकला, बोरू हातात दिला आणि म्हणाली, "अहो, दगडावर दुसऱ्यांची नावं कोरण्यात जन्म गेला तुमचा. आता पोराला चार ओळी लिहिल्यात तर हात झिजणार नाही." पत्र घेऊन येणारा एर्गिनस हा डेलॉस बेटाचा तेलवाला. अथेन्सचं तुझ्या फिलिप राजाशी युद्ध चालू असलं तरी तेल दोघांनाही लागतं, त्यामुळे त्याच्या गलबताला दोन्हीकडची बंदरं उघडी आहेत.

बातमी अशी. सभेनं ठराव केलाय. फिलिपचं आणि त्याच्या सगळ्या पूर्वजांचं नाव, बायामाणसांसकट, शहरातल्या प्रत्येक दगडावरून खरवडून काढायचं. पुतळे पाडायचे. पुजाऱ्यांनी शहरासाठी प्रार्थना केली की शेवटी या राजघराण्याला शापही द्यायचा. आणि खरवडायला माणूस कोण निवडला? तुझा बाप. देखरेखीला ग्लॉकिप्पस नावाचा एक अंमलदार आहे. हातात यादी घेऊन असा फिरतो, की मॅसिडोनिया जणू त्यानं एकट्यानंच जिंकलाय. रंगवाला स्मिकॉन पुढे जाऊन खरवडायच्या ओळीखाली लाल रेघ मारतो आणि मागून मी टाकी घेऊन जातो. माझी नजर आता अधू झाली आहे. मी बोटानं चाचपून अक्षर शोधतो.

पहिलाच दगड बाजारचौकातला निघाला, माझ्या आजोबांच्या हातचा. तू लहानपणी त्यावर चढायचास आणि मार खायचास. मी टाकी टेकवली आणि हातोडा उचलेचना. अँटिगोनस, अरे काय ती अक्षरं! शंभर वर्षं उन्हापावसात उभी आहेत आणि एकाचीही कड मोडलेली नाही. राजाचं नाव असं कोरलंय की वाचणाऱ्याची मान आपोआप खाली जावी. मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी ग्लॉकिप्पस ओरडला, "मीडॉनबाबा, खरवडायला बोलावलंय, पूजेला नाही!"

त्याला काय ठाऊक! आजोबा बावीस वर्षांचे होते तेव्हा आशियातल्या त्या एकडोळ्या अँटिगोनसनं, या फिलिपच्या पूर्वजानं, आपल्या मुलाला अडीचशे जहाजं देऊन इथं पाठवलं. शहर मोकळं झालं, धान्य आलं, जहाजांना लाकूड आलं. लोकांनी बापलेकांना देव म्हटलं. मुलगा रथातून ज्या जागी उतरला त्या जागेला वेदी बांधली, देवीच्या शालूवर दोघांची चित्रं विणली. आजोबा सांगायचे, कुणी हसत नव्हतं, लोक खरोखर रडत होते. त्या भरात त्यांनी आपल्या पहिल्या मुलाचं, म्हणजे माझ्या बापाचं, नाव अँटिगोनस ठेवलं. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं ही आपली रीत. ती मोडली म्हणून पणजोबांनी वर्षभर त्यांचं तोंड पाहिलं नाही. पणजोबा म्हणायचे, रीत सोडून बापानं मनानं निवडलेलं नाव ऐकलं नव्हतं कधी! आपल्यात बापाचंच नाव पोराला लागतं ते फक्त पोराचं तोंड बघायला बाप उरला नसेल तेव्हा, त्या समोरच्या आळीतल्या थिओडोटससारखं.

मग त्या एकडोळ्याचा नातू आला, दुसरा अँटिगोनस. त्यानं शहराला वेढा घालून उपाशी मारलं आणि टेकडीवर शिबंदी आणून बसवली. माझा बाप विहिरीवर गेला की शेजारी विचारायचे, "काय अँटिगोनसशेठ, आज तरी भाकरी सोडणार का आमच्यासाठी?" एकाच नावानं आम्हाला पोसलं आणि त्याच नावानं उपाशी ठेवलं. तिसरा तर तुझ्या लहानपणीचा, ज्याला सगळे 'देतो-देतो राजा' म्हणून चिडवायचे. लढाई जिंकल्यावर तो इतक्या जोरानं ओरडला की छातीतली शीर फुटून रक्त ओकला, आणि पुढं त्यातच गेला. अशी ही माणसं! ओरडली तरी शीर फुटेपर्यंत ओरडायची. मी त्यांचा भक्त नाही, पण त्यांच्या नावावर घाव घालताना मला घाम फुटतो.

आता बाजारात या नावाचे दोन मासेवाले आहेत. एक म्हणतो मला नुसतं 'गोनस' म्हणा. दुसरा म्हणतो, मला हाकच मारू नका, मासे घ्या आणि जा.

चार वर्षांपूर्वी वेशीच्या दरवाज्यात मी तुला जे बोललो, त्याविषयी या पत्रात काही लिहिणार नाही. तू राजाच्या बंदरात सुखी आहेस का, एवढं कळव. आईला ऐकायचं आहे.

तब्येत सांभाळ.

बोएड्रोमियोन महिना, उतरत्या चंद्राचा आठवा दिवस

मीडॉनकडून अँटिगोनसला.

उत्तर आलं नाही. एर्गिनस म्हणाला, तू फौजेबरोबर पश्चिमेच्या डोंगरात आहेस आणि पत्र तुझ्या बायकोनं ठेवून घेतलंय. तिचं नाव मिक्का आहे, आणि तिला दिवस गेलेत, हे आम्हाला तेलवाल्याकडून कळावं! तुझी आई आधी अर्धा दिवस रुसली आणि मग उरलेला अर्धा दिवस लोकर पिंजत बसली.

आज एक गोष्ट लिहायची आहे. ती मी इथं कुणाला सांगितलेली नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही.

गेल्या वर्षी फिलिपची फौज वेशीबाहेर येऊन गेली, ते तुला सांगायला नको. शहरात शिरता आलं नाही, म्हणून त्यांनी राग मेलेल्यांवर काढला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची थडगी फोडली. संगमरवराचे असे तुकडे केले की कुठला हात कुणाचा ते कळू नये. माझा तिकडे जायचा जीव होईना. परवा शेवटी गेलो, निदान तुझ्या आबांच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, शिळेचे तुकडे तरी गोळा करावेत म्हणून.

तुकडे नव्हतेच. नुसता ओटा होता आणि शिळेची खाच रिकामी होती. खाचेत बोट घातलं. शिळा ज्या शिशात बसवलेली होती ते शिसं कुणी उचकटलेलं नव्हतं, टाकीनं सरळ कापलेलं होतं. दोन पावलांवर माती जरा उंच दिसली. उकरली. खाली जंगली ऑलिव्हच्या फांद्या, आता वाळलेल्या, आडव्या-उभ्या अंथरलेल्या. त्यांच्यावर आबांची शिळा पालथी घातलेली. अख्खी! एक टवकासुद्धा उडालेला नाही.

अरे, या शहरातले सगळे पाथरवट शिळा उतरवताना खाली वाळू घालतात. ओल्या फांद्यांचं अंथरूण फक्त आपल्या घरात घालतात. आजोबांनी बापाला शिकवलं, बापानं मला, आणि मी तुला. पाचव्या माणसाला ते माहीत नाही.

मी मातीत बसलो. रडलो म्हण हवं तर. चारी बाजूंना फोडलेले लोक, आणि मध्ये माझा बाप गाढ झोपलेला, त्याला पांघरूण घालून कुणीतरी निघून गेलेलं.

शिळा एकट्याला उतरत नाही. तू त्या शिपायांना काय सांगितलंस? 'यावर आपल्या राजाच्या घराण्याचं नाव आहे, हात लावाल तर याद राखा' असं? तसंच असणार. आजोबांनी एका राजावर जीव टाकून ठेवलेलं नाव, आणि शंभर वर्षांनी तेच नाव एका दगडाच्या मदतीला धावून आलं. तेही त्याच राजाच्या वंशजाच्या फौजेपासून वाचवायला. देव कसली गणितं मांडतात ते देवच जाणोत. माझी मती गुंग होते.

आणखी एक. त्या दिवशी मी तटावर होतो. साठीतल्या म्हाताऱ्यांनाही वर चढवलं होतं. मी दगड फेकत होतो आणि खाली कोण आहे ते बघत नव्हतो. तू दोनशे पावलांवर होतास.

माझा एकही दगड तुला लागला नसेल, असं मी धरून चालतो. तसं कळव.

तुझ्या अठराव्या वर्षाचा दगड, सरहद्दीवर पहारा दिलेल्या तुमच्या तुकडीच्या यादीचा, चौकात जागेवरच उभा आहे. आज एवढंच.

नीट राहा.

पियानॉप्सियोन महिना, चढत्या चंद्राचा सहावा दिवस

मीडॉनकडून अँटिगोनसला.

तुझी आई आज सोयाबरोबर, म्हणजे शेजारणीबरोबर, मळ्यात गेली आहे, म्हणून हे लिहू शकतो. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. दगड जागेवर आहे असं लिहिलं. ते खरं आहे. दगड जागेवर आहे.

आधी वेशीतलं बोलतो, कारण दोन्ही एकाच दोरीनं बांधलेलं आहे. त्या सकाळी तू खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकलीस आणि म्हणालास, "बाबा, इथं आता कोरायला काय उरलंय? तिकडे राजा वाडे बांधतोय." मी म्हणालो, त्या घराण्याचं मीठ खायला जाऊ नकोस. तू म्हणालास, "त्यांचंच नाव लावून फिरतोय की मी, तुम्हीच ठेवलेलं." लोक बघत होते. मला उत्तर सुचलं नाही आणि उत्तर न सुचलेला माणूस बोलू नये ते बोलतो. मी म्हणालो, "या दरवाज्याबाहेर पाय टाकलास, तर यादीतलं तुझं नाव माझ्या हातानं खरवडून काढीन."

तू हसलास. तुझं ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

आता ऐक. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला एका दिवशी मी एकोणीस दगड केले. ऊन फार होतं. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं होतं. राजा अँटिगोनस, राजा अँटिगोनस, राजा अँटिगोनस. आपल्या लिपीतली ती नऊ अक्षरं माझ्या बोटांना इतकी पाठ झाली होती की मन जागेवर असायची गरज नव्हती. विसावा दगड आला. लाल रेघ होती. स्मिकॉन अक्षरशत्रू, त्याला नावाचा आकार तेवढा ओळखता येतो, पुढे राजा लिहिलंय की नाही ते तो बघत नाही. मी बोट ठेवलं, टाकी लावली, आणि सुरू झालो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

आठव्या अक्षरावर बोट गेलं. ते गोल अक्षर. त्याच्या बरोबर मध्ये एक बारीक टिंब लागलं.

ते टिंब मी ठेवतो. गोल काढायला कंपासाचं टोक रोवलं की खूण राहते. बाकीचे ती घासून टाकतात, मी नावातल्या शेवटच्या गोलात ती राहू देतो. माझ्या हाताची सही आहे ती. दगड माझा होता. मी मान वर करून पाहिलं. वर 'राजा' नव्हतं, आजूबाजूला पोरांची नावं होती. मध्ये तुझं, मी सोळा वर्षांपूर्वी इतरांपेक्षा जरा खोल कोरलेलं. तेव्हा कुणाला दिसू नये इतपतच खोल कोरलं होतं.

मी माझ्या जिभेनं म्हटलेलं माझ्या हातानं केलं. चुकून केलं. म्हणूनच मला धडकी भरते. रागानं केलं असतं तर ते माझं झालं असतं. हे माझं नाही. कुणीतरी वरून ऐकलं, चार वर्षं लक्षात ठेवलं, आणि माझाच हात धरून करवून घेतलं. पुजारी रोज सकाळी त्या नावाला शाप देतात, तेव्हा मी मनात म्हणतो, यातला एक वगळा, यातला एक वगळा.

शेवटची दोन अक्षरं राहिली आहेत. ग्लॉकिप्पसला वाटतं मी दमून सोडून दिली. तो म्हणतो, "बाबा, ते शेपूट उरकून टाका ना." मी रोज काहीतरी कारण सांगतो.

मला माफ कर असं लिहिणार होतो. पण माफी लांबून मागायची नसते. तू ये. बाळंतपण उरकलं की बायकोला घेऊन ये, युद्ध संपेल तेव्हा संपेल. मुलगा झाला तर रीतीप्रमाणं त्याचं नाव मीडॉन. सक्ती नाही. या म्हाताऱ्याचं नाव लावायला तुला लाज वाटली तर दुसरं शोध. पण ठेवलंस, तर मला कळेल की माझ्यावरचा राग गेला. वेगळं पत्र लिहू नकोस. नुसतं नाव कळव.

मैमाक्टेरियोन महिना, चढत्या चंद्राचा नववा दिवस

मीडॉनकडून अँटिगोनसला.

बाळा, तू आज वीस-बावीस दिवसांचा असशील.

एर्गिनस काल सकाळी आला. आम्ही दोघं अंगणात होतो. तुझी आजी डाळ निवडत होती. तो काही बोलायच्या आधीच तिनं विचारलं, "मुलगा का मुलगी?" तो म्हणाला, मुलगा. आजीनं सूप खाली ठेवलं. मी विचारलं, दहावा दिवस झाला का, नाव ठेवलं का. तो तेलवाला सगळ्या बंदरांत बडबड करणारा माणूस, पण काल आपल्या चपलेकडे बघत राहिला.

"बोल की रे," आजी म्हणाली. "मीडॉन ना?"

"अँटिगोनस," तो म्हणाला. "आईनं ठेवलं. अँटिगोनस."

बाळा, त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही. आपल्यात बापाचं नाव पोराला कधी लागतं ते आम्हाला ठाऊक आहे. आजीनं पदर डोक्यावर ओढला आणि ती आत गेली. भिंतीपलीकडे शेजारणीलाही कळलं, कारण ती काही न विचारता येऊन तिच्याजवळ बसली. मग एर्गिनसनं सांगितलं, उन्हाळा सरताना, पश्चिमेच्या डोंगरात, भाल्यानं. दिवस त्याला ठाऊक होता. मी त्याला सांगू दिला नाही. मी तो विसावा दगड कोणत्या दिवशी केला ते मला माहीत आहे, आणि हे दोन दिवस मला शेजारी ठेवायचे नाहीत.

माझी तिन्ही पत्रं तुझ्या आईनं उघडलेली नाहीत. नवरा परतला की वाचेल म्हणून पेटीत ठेवली होती. आता राहू देत. बाहेर नाव आहे 'अँटिगोनसला'. तू वाचायला शिकलास की उघड. तुझीच आहेत ती.

आज सकाळी मी हत्यारं घेऊन चौकात गेलो. भर उजेडात, लोकांच्या देखत. यादीच्या दगडापाशी बसलो आणि खरवडलेल्या जागेत पुन्हा पहिलं अक्षर आखलं. दगड एकदा खरवडून खाली गेला की वर येत नाही. पुन्हा कोरायचं तर त्या खळग्यातच कोरावं लागतं. ग्लॉकिप्पस धावत आला.

"मीडॉनबाबा, भानावर आहात का? पुजाऱ्यांनी आत्ता तासाभरापूर्वी या नावाला शाप दिलाय!"

"राजाला दिलाय. हा माझा मुलगा आहे."

"तुमचा मुलगा त्याच राजाच्या फौजेत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे."

"होता," मी म्हणालो. "आता कुणाच्याच फौजेत नाही."

आजूबाजूला माणसं जमली होती. ते दोघं मासेवालेही होते, गोनस आणि तो दुसरा. मला वाटलं आता शिपाई बोलावणार. ग्लॉकिप्पस खाली वाकला, यादी वाचू लागला आणि तुझ्या बापाच्या खाली तिसऱ्या नावावर त्याचं बोट थांबलं. धाकटा भाऊ त्याचा, मागच्या वर्षी तटावर मारला गेला.

"मग खोल कोरा," तो शेवटी म्हणाला. "उथळ कोरलंत तर उद्या आणखी कुणीतरी चुकून खरवडेल."

स्मिकॉननं न सांगता लाल रंग कालवला. गर्दीतला तो दुसरा मासेवाला, ज्याला हाक मारलेली चालत नाही, मोठ्यानं म्हणाला, "माझंही नाव अँटिगोनसच आहे!" कुणी त्याला विचारलं नव्हतं. लोक हसले. मीही हसलो असेन. दुपारपर्यंत मी सात अक्षरं कोरली. इतकी वर्षं हे काम केलं, पण नाव म्हणजे काय असतं ते माझ्या हातांना आज कळलं. तीन राजे त्या नावाखाली चालून गेले, शहरानं ते पूजलं, त्यावर थुंकलं, शंभर दगडांवरून खरवडलं. आणि ते इकडे कुणाच्याही हुकुमाविना, परक्या बंदरातल्या एका पाळण्यात जाऊन निजलं. मला भीती वाटावी की हात जोडावेत, कळत नाही. मी हात जोडले.

मीडॉन नाव ठेवलं नाही याचं मनात आणू नकोस. माझं नाव माझ्याबरोबर संपलं तर संपू दे. त्यानं कुणाला दुखावलेलं नाही, त्यावर रागावलेलंही कुणी नाही.

तुझी आई इथली नाही, म्हणून अथेन्सच्या कोणत्याच यादीत तुझं नाव चढणार नाही. कायदा तसा आहे आणि तो बदलायला मी राहणार नाही. पण मोठा झालास की ये. वेशीबाहेर तुझ्या पणजोबांची शिळा मी पुन्हा उभी केली आहे, ती आधी बघ. तिच्याखालच्या वाळक्या फांद्या मी घरी आणून ठेवल्या आहेत. तुझ्या आजीनं त्या चुलीत घालू दिल्या नाहीत. मग चौकात ये. यादीच्या दगडावर वरून अकरावी ओळ. डोळे मिटून बोट फिरव. बाकीची नावं वर लागतील, हे खाली लागेल. मोजत जा. सात अक्षरं खळग्यात आहेत, ती आजची. मग बोट एकदम वर चढेल. शेवटची दोन तुझ्या बापाच्या वेळची आहेत, मी त्यांना हात लावला नाही. आठव्याच्या पोटात एक टिंब आहे.

तिथं थांब. तिथंच मी माझ्या मुलाला ओळखलं होतं.